बोनस दिवाळीला, खर्च नाताळला

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत बोनस दिवाळीला मिळतो. किमान ८.३३ टक्के बोनस कायद्याने बंधनकारक आहे. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे कागदावर एक जादा महिना; पगाराच्या मर्यादेमुळे हातात येतो तो त्याहून कमी. हिशेबाचं वर्ष मार्चला संपतं, त्यानंतर आठ महिन्यांत रक्कम द्यायची असते, म्हणून मालक दिवाळीचा मुहूर्त धरतात. बरोबरच आहे, कारखान्यातल्या बहुतेकांचा सण तोच. आमचा सण त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी येतो. माझे वडील फाउंड्रीत मोल्डर होते. बोनसचं पाकीट घरी आलं की आई ते कपाटात ठेवायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "हे नाताळचं, कुणी हात लावायचा नाही." मग गल्लीत फटाके वाजायला लागायचे, आम्ही पोरं दारात केविलवाणी उभी राहायचो, आणि कपाट पहिल्यांदा उघडायचं. त्यानंतर कुणाचा ताप, कुणाचं लग्न, गळणारं छप्पर. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार येईपर्यंत पाकीट असायचं, आत काही नसायचं.

गंमत अशी की नाताळची तारीख हलत नाही. गणपती, दिवाळी दरवर्षी पुढेमागे होतात, पंचांग बघावं लागतं. २५ डिसेंबर कुणाला विचारावा लागत नाही. तरी दरवर्षी डिसेंबर उजाडला की कॅम्पातल्या आमच्या घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं, "आलाच की नाताळ!" जणू कुणी न कळवता पाहुणा आणून दारात उभा केलाय. नाताळासाठी बचत कशी करावी यावर भरपूर सल्ले मिळतात, आणि त्यातले बहुतेक 'आधीपासून ठरवा' इथे येऊन थांबतात. ठरवलेलं तर आईनेही होतं.

आजोळी, खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला, हे सगळं वेगळं होतं. तिथे रोख पैसाच नव्हता, म्हणून तो खर्च होऊन जायची भीती नव्हती. जूनच्या पावसात, पेरणीच्या धांदलीत, डुकराचं एक पिल्लू घरी यायचं. तांदळाचं धुवण, उरलेली पेज, कोंडा, फणसाची चारखंडं यांवर ते सहा महिने वाढायचं. नाताळच्या तोंडावर ते कापलं की निम्मं मांस घरात, निम्मं गावात विकलं जायचं आणि त्या पैशांतून पोरांचे कपडे व्हायचे. तोपर्यंत भात कापून, मळून झालेलं असायचं, नारळ परसातले, गूळ बाजारातून एकदाच आणलेला. दोदोल घोटायला शेजारच्या दोन-तीन बाया यायच्या, कारण कढईवर एकीचा हात टिकत नाही. आजीची आवर्ती ठेव ती हीच, आणि तिचा मोठा गुण असा की ती मध्येच मोडता येत नव्हती. ऑगस्टमध्ये मुलाच्या फीसाठी अर्धं डुक्कर काढून घेता येत नाही.

आईच्या कपाटात आणि आजीच्या गोठ्यात मला फरक दिसतो तो एवढाच. आजी काही आईहून शहाणी नव्हती, आणि आई उधळी तर मुळीच नव्हती.

मी इथल्या एका सहकारी पत सोसायटीत काउंटरवर बसते. सण येतोय हे मला कॅलेंडरच्या आधी सोनेतारणाच्या अर्जांवरून कळतं. गणपतीच्या आधी एक लाट येते, शाळा सुरू होताना एक, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या लोकांची एक छोटी लाट. छोटीच म्हणायची, कारण खरा खर्च बघायचा तर एखाद्या गावची महालक्ष्मी यात्रा बघावी. किती तरी वर्षांनी एकदा येणारी यात्रा, सगळे पाहुणेरावळे, मटणाचे हंडे, घराला रंग, लेकीबाळींना साड्या. त्या गावची माणसं काउंटरवर येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नसते, उलट एक प्रकारचा अभिमान असतो. "अक्का, आमच्या गावात यात्रा हाय," एवढं कारण त्यांना पुरतं. त्यामानाने आमचा नाताळ म्हणजे दोन दिवसांचा मामला. पण दरवर्षी येतो, आणि गेल्या वर्षीचा हप्ता फिटायच्या आत येतो, तिथे तो यात्रेला हरवतो.

सोनेतारणाच्या कर्जाला एक अडचण होती, ती आता मला तिची खुबी वाटते. त्यासाठी यावं लागतं. पाटल्या पिशवीत घालून बसने यायचं, काउंटरपुढे उभं राहायचं, ओळखीची बाई समोर बसलेली असायची, मागे रांगेत शेजारच्या गल्लीतलं कुणीतरी. मान खाली घालून सही करताना माणूस मनात एकदा तरी आकडा पुन्हा जुळवून बघतो. वीस हजार मागायला आलेली बाई रांगेत उभ्या उभ्या पंधरावर येते, हे मी किती तरी वेळा बघितलंय. "पंधराच द्या. पुरतात की."

फोनवरच्या कर्जात ही रांगच नाही. रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर, अंगठ्याने काम होतं. बघणारं कुणी नाही, विचारणारं कुणी नाही, आकडा कमी करायला लावणारा मागचा माणूस नाही. 'महिना फक्त २ टक्के' असं लिहिलेलं असतं. १५ हजारांवर वर्षभर २ टक्क्यांनी ३,६०० रुपये व्याज, हप्ता १,५५०. पण आपण मुद्दल दर महिन्याला फेडत असतो आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या १५ हजारांवर लागतं, म्हणून खरा वार्षिक दर ४० टक्क्यांच्या वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जदारांना तपशीलाचं एक पत्रक द्यावंच लागतं, त्यात सगळं धरून वार्षिक दर किती पडतो ते छापलेलं असतं. तो एक आकडा वाचा, बाकीचं सोडून दिलंत तरी चालेल. असं कर्ज घेतलेल्या माझ्या धाकट्या दिराने वाचला होता का विचारलं, तर म्हणाला, "वहिनी, त्यो 'मान्य आहे' वर दाबल्याशिवाय पुढंच जाईना."

लाज मात्र कुठे जात नाही. घेताना टळली तर वसुलीला येते, आणि तेव्हा ती आपल्या हातात नसते. काही ॲपवाले फोनमधल्या सगळ्या नंबरांना फोन लावून तुमचं नाव सांगतात. आमच्याकडच्या गावांत संघाची, म्हणजे बायकांच्या गटाला मिळून दिलेली, कर्जं असतात, आठवड्याची बैठक, एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या नऊजणी तिच्या दारात. शेजारणींनीच एकमेकींचं बघायचं, ही कल्पना मुळात वाईट नव्हती. पण दारात बसून राहणं, घराला कुलूप ठोकणं, इथपर्यंत गोष्ट गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. घरातली माणसं रस्त्यावर आणि भांडी अंगणात, अशा बातम्या आमच्याच जिल्ह्यातून आल्या होत्या.

चारचौघांचा डोळा जर शेवटी येणारच असेल, तर तो आधीच का बोलावू नये, असा माझा साधा विचार. बचत एकट्याने, गुपचूप, मनाच्या निर्धारावर करायची ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. बचत होते ती कुणीतरी दारात येऊन मागतं म्हणून.

हे ज्यांनी ओळखलं त्यांची नावं मला फार आवडतात. १९०९ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका ट्रस्ट कंपनीने 'ख्रिसमस क्लब' सुरू केला. दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे आणि नाताळच्या तोंडावर सगळे एकदम घ्यायचे. पुढे ही रीत तिकडच्या बँकांत खूप पसरली. व्याजासाठी लोक तिथे जात नव्हते, मध्ये हात घालता येत नाही यासाठी जात होते. आणि आपल्याकडे, याच राज्यात, उडुपीच्या एका बँकेने १९२८ मध्ये त्याहून पुढचं केलं. माणूसच घरी पाठवला. रोज दोन आणे. टी. एम. ए. पै यांची ती पिग्मी योजना. ती बँक पुढे सिंडिकेट झाली आणि १ एप्रिल २०२० ला कॅनरात विलीन झाली. बँकेचं नाव गेलं, 'पिग्मी' मात्र आमच्या बोलण्यात इतकं मुरलं की बेळगावातल्या भाजीवालीला तो शब्द कुठून आला हे विचारावंसंही वाटत नाही.

आमच्या गल्लीत पिग्मीमामा संध्याकाळी सहाला येतात. पाठीवर सॅक, हातात ते छोटं यंत्र, पावती फाडून देतात. माझं नाताळचं खातं वेगळं, रोज ५० रुपये. तीन राजांचा सण ६ जानेवारीला होतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू आणि डिसेंबरच्या मध्यावर बंद. रविवारी मामा येत नाहीत, ते धरून साधारण २९० दिवस, म्हणजे साडेचौदा हजार. व्याज नावापुरतं, मध्ये मोडलं तर तेही नाही, उलट थोडे कापून घेतात. माझा नवरा म्हणतो, त्यापेक्षा बँकेत आवर्ती ठेव लाव, फोनवरून होते, व्याज जास्त. हिशेबाने त्याचं बरोबर आहे. पण आवर्ती ठेव फोनवरून जशी लागते तशी फोनवरूनच मोडता येते. मामांना 'आज नाही' म्हणायला दारात उभं राहून म्हणावं लागतं, आणि ते काही बोलत नाहीत, नुसतं "बरं, उद्या येतो" म्हणून पुढच्या घरी जातात. त्या "बरं"ला मी घाबरते. त्याच्यापुढे टक्का-दोन टक्के व्याज सोडलं तरी परवडतं.

भिशीचंही तेच, पण तिथे दुसरा एक पेच असतो. नंबर. फक्त आमच्या चर्चच्या बायकांची भिशी असली की सगळ्यांना डिसेंबरचा नंबर पाहिजे. चिठ्ठ्या उडवल्या तर ज्यांना फेब्रुवारी आला त्यांच्या दृष्टीने ती भिशी निम्मी वाया. आमच्या गल्लीच्या भिशीत हे भांडण होत नाही. दोन घरांना गणपतीचा महिना हवा असतो, एका घराला ईदचा, तिघींना दिवाळीचा, एकीला जूनचा कारण तिची तीन पोरं शाळेत, आणि डिसेंबर आम्हा दोघींच्या वाट्याला. दोघीत आलटून-पालटून. शेजारच्या अक्कांनी पहिल्याच बैठकीत निकाल दिला होता, "चिठ्ठी-बिठ्ठी कायबी नको. जिचा सण तिचा नंबर. मी सांगतो बघ, कुणीबी पळून जाणार नाही, सगळ्यांना पुढच्या वर्षीबी सण हायेच की." वेगवेगळ्या देवांची माणसं एका गल्लीत राहण्याचे फायदे भाषणांत सांगतात त्याहून हा फायदा मला जास्त खरा वाटतो.

आता खर्चाचं. काटकसरीच्या सल्ल्यांत पहिलं वाक्य असतं, द्यायच्या भेटवस्तूंची यादी छोटी करा. आमच्याकडे ते नेमकं उलटं आहे. दिवाळीला गल्लीतल्या घरांतून फराळाची ताटं येतात. चकली, लाडू, अनारसे, एका घरातून दरवर्षी मांडे. ती ताटं रिकामी परत जात नाहीत, साखर घालून जातात, आणि खरा परतावा नाताळला. करंज्या, कलकल, केकचा तुकडा, दोदोलची वडी. ही यादी मी कधी छोटी करणार नाही. मैदा, रवा, तूप, साखर, नारळ, सुकामेवा, सगळं घरी केलं तर हा खर्च एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसतो, आणि सणातला सण म्हणावा तो एवढाच भाग. केकचं मिश्रण डब्यात घालून बेकरीच्या भट्टीत भाजून आणलं की गॅसही वाचतो. घरच्या ओव्हनचा जो हट्ट आमच्या नात्यात शिरलाय तो मला समजत नाही.

पैसा जातो तो दुसरीकडे. कपड्यांवर, कारण चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेला एक, सकाळी एक आणि नवीन वर्षाला आणखी एक जोड लागतो असं अलीकडे ठरलंय. कुणी ठरवलं माहीत नाही. रोषणाईवर; पूर्वी बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागदाची चांदणी वडील घरी करायचे, आता दरवर्षी नवी विकत आणतात आणि जुनी माळ्यावर जाते. आणि गोव्यावर. बेळगावातून गोवा म्हणजे घाट उतरला की आलाच, त्यामुळे '२६ ला जाऊन येऊ' हे वाक्य फार सहज निघतं, आणि त्या आठवड्यात तिथल्या खोल्यांचे भाव काय असतात ते पोचल्यावर कळतं. माझं मत विचाराल तर गोव्याला जानेवारीच्या शेवटी जावं. समुद्र तोच असतो.

खरेदीही मी आधी उरकते. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की मोर्चे, बंदोबस्त, अडवलेले रस्ते, त्यात मूल घेऊन खडेबाजारात जायचं म्हणजे शिक्षा. नोव्हेंबरच्या शेवटी गणपत गल्लीतून कापड आणि रविवार पेठेतून किराणा आणला की घाईत 'असू दे, हेच द्या' म्हणून होणारा खर्च वाचतो. तो किती, हे लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही.

लिहायचं तर नाताळ झाल्यावर लिहावं. नोव्हेंबरात केलेला अंदाज म्हणजे आपण स्वतःला सांगितलेली गोड गोष्ट असते. २७-२८ डिसेंबरला बिलं घरात असतात, उरलेलं सामान डोळ्यांपुढे असतं, काय फुकट गेलं ते फ्रीजमध्ये दिसतं. त्याच दिवसांत नवीन कॅलेंडर आणलेलं असतं. मी त्याच्या डिसेंबरच्या पानामागे पेन्सिलने आकडे लिहून ठेवते: मैदा किती लागला, कपड्यांना किती गेले, मिस्सेच्या दानाला किती, केक किती उरला. एकदा 'काजू कमी आणणे' असं लिहिलं होतं, त्याखाली नवऱ्याने लिहिलं, 'नको'. त्या बेरजेला महागाईचे थोडे वाढवायचे, २९० ने भागायचं, की जानेवारीत पिग्मीमामांना सांगायचा आकडा तयार.

राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये ऑगस्ट २०२३ पासून बायकांच्या खात्यात यायला लागले तेव्हा आमच्या काउंटरवर खूपजणींनी ते बचतीला लावले. रायबाग तालुक्यातल्या एका आजीने तर ते पैसे साठवून अख्ख्या गावाला होळीगेचं जेवण घातलं, पेपरात आलं होतं. मला ती आजी फार आवडली. माझा सल्ला इतकाच असतो की हे पैसे साठवायला उत्तम, हप्त्याला बांधायला वाईट. कधी दोन-तीन महिने येत नाहीत, मग एकदम येतात. बचत थांबून राहू शकते. हप्ता थांबत नाही.

आणि पैसे कुठे ठेवायचे, हे माझ्यासारखीने सांगायचं म्हणजे जरा अवघडच. २००६ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी बुडाली. लोक तिच्याकडे वर्षभर थोडं थोडं भरायचे आणि नाताळला खाऊच्या टोपल्या, दुकानांची व्हाउचर घ्यायचे. लाखाहून जास्त लोकांची वर्षाची बचत ऐन सणाच्या दोन महिने आधी अडकली, आणि ती बहुतेक गरीब घरंच होती. शिस्तीने भरणाऱ्यांचंच नुकसान झालं, बेशिस्त वाचले. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, माणशी पाच लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. सोसायट्यांना तो नाही. पिग्मीवाला बँकेचा की सोसायटीचा, हे पावतीवर वाचावं, आणि सोसायटीचा असेल तर सणापुरतीच रक्कम तिथे साठू द्यावी, सण झाला की खातं रिकामं. मुलीच्या लग्नाचे पैसे पिग्मीत ठेवणाऱ्या बाया मी बघते तेव्हा माझ्या पोटात कालवतं.

हे मी काउंटरवरून हळू आवाजात एका ताईंना सांगत होते, तेव्हा मॅनेजर मागे उभे होते. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "बाई, पगार आमच्याकडून घेता आणि ठेवी बँकेत ठेवायला सांगता?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या ठेवी कुठे आहेत?" ते हसले, चहा सांगितला, आणि विषय सोनेतारणाच्या फायलींवर गेला.